बाण कुठून कुठे



अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीसाठी पूर्ण बंद झाला. त्याआधी ३ जुलै २०१८ ला त्याचा पादचारी भाग भर पावसात रुळांवर कोसळला होता आणि दोघांचा जीव गेला होता. बंद झाल्यावर पूर्व-पश्चिम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: उघडणार कधी?

या प्रश्नाचं उत्तर एका तारखेत देता येत नाही. रुळांवरचा जुना भाग पश्चिम रेल्वेने पाडायचा, मगच महापालिकेचं नवं काम सुरू होणार. गर्डरचे सुटे भाग हरयाणातल्या अंबाल्याहून यायचे, जागेवर जोडायचे, मग रेल्वेने रात्रीचा ब्लॉक द्यायचा, तेव्हा गर्डर रुळांवर सरकणार. त्यानंतर स्लॅब, त्यानंतर डांबर. कामं किती यापेक्षा कोण कोणासाठी खोळंबलंय, हे पाहणं महत्त्वाचं.

२६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू सुरू झाली आणि सगळ्या मुंबईने पाहिलं, की जुहूकडून येणारा बर्फीवाला उड्डाणपूल तिला मिळतच नाही! रेल्वेच्या नियमाप्रमाणे रुळांवरची उंची वाढली, नवा पूल वर गेला, बर्फीवाला खालीच राहिला. मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीत जॅक लावून तो एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला. ४ जुलै २०२४ ला तिथून गाड्या सुटल्या, आणि गोखले पूल पूर्ण खुला व्हायला ११ मे २०२५ उजाडला. कामाच्या तक्त्यात ‘उंची ठरवणे’ या ओळीपासून ‘बर्फीवाला जोडणे’ या ओळीपर्यंत सुरुवातीलाच एक ठळक बाण हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हा बाण आपल्या एक्सेलमध्ये कसा आणायचा?

हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता शंभर वर्षांहून जुना. काम कधी सुरू, कधी संपलं, हे पट्टी सांगते. एक काम दुसऱ्यासाठी का थांबलंय, हे सांगत नाही. ती साखळी मांडायची शिस्त १९५७-५८ च्या सुमारास आली. एकीकडे ड्यूपाँ कंपनीचे कारखाने, दुसरीकडे अमेरिकन नौदलाची पोलारिस क्षेपणास्त्रं. एक्सेल मात्र अजून पट्ट्याच काढून देतं. म्हणून लोक आकृत्यांच्या मेनूतून बाण उचलतात आणि दोन पट्ट्यांमध्ये चिकटवतात. दिसायला झकास! पुढच्या आठवड्यात तारीख बदलते, पट्टी सरकते, बाण तिथेच राहतो आणि भलत्याच कामाकडे बोट दाखवतो.

खरा बाण सूत्रात असतो. मुलुंड-बोरिवलीत गल्लोगल्ली चाललेला सोसायट्यांचा पुनर्विकासच घ्या. तक्त्यात काम, सुरुवात, दिवस आणि शेवट या रकान्यांच्या जोडीला ‘आधीचं काम’ असा एक रकाना करा. ‘घरं रिकामी करणे’ या ओळीत सुरुवातीची तारीख हाताने टाइप करू नका. आयओडी, म्हणजे महापालिकेची सशर्त मंजुरी, मिळण्याची तारीख आणि विकासकाशी केलेल्या कराराच्या नोंदणीची तारीख, या दोन्हींतली जी उशिराची, तिच्यात एक दिवस मिळवा. त्यासाठी ‘मॅक्स’ हे फंक्शन पुरतं. सुट्ट्या वगळायच्या असतील तर ‘वर्कडे’ वापरा. गणपती-दिवाळीची यादी वेगळ्या रकान्यात ठेवून त्याला दाखवा. मात्र ते शनिवारही वगळतं. साइटवर शनिवारी काम चालतं, तेव्हा त्याचा ‘आयएनटीएल’ वाला प्रकार घ्या आणि फक्त रविवार सुट्टी ठेवा.

मग आयओडी पंधरा दिवस लांबली, की घरं रिकामी करणं, इमारत पाडणं, सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, प्लिंथ, सगळं आपोआप पुढे सरकतं. भाडं किती महिने लागेल, मुलांच्या शाळेच्या कुठल्या सत्रात घर बदलावं लागेल, हे सभासदाला त्याच दिवशी कळतं. ज्या साखळीमुळे शेवटची तारीख हलते, तिला लाल रंग द्या. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. त्यांच्यासाठी सभेत घसा कोरडा करायची गरज नाही.

बाण डोळ्यांनी दिसायलाच हवेत, असा आग्रह असेल तर तक्त्यावर ठिपक्यांची एक मालिका घालून तिच्या ‘एरर बार’मधून उभ्या-आडव्या रेषा काढता येतात. त्या आकड्यांना बांधलेल्या असल्याने पट्टीबरोबर सरकतात. दहा-पंधरा ओळींपर्यंत हे जमतं. त्यापुढे जाळं होतं, वाचता येत नाही. मोठ्या कामाला सरळ प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर घ्यावं.

आणि ज्या ओळी आपल्या हातात नाहीत, म्हणजे महापालिकेची परवानगी, रेल्वेचा ब्लॉक किंवा बँकेची मंजुरी, त्याही तक्त्यात असल्याच पाहिजेत. बहुतेक तक्त्यांत त्याच नसतात.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सभेत पडद्यावर रंगीत तक्ता लागला, तर सेक्रेटरींना विनंती करा, की एखाद्या तारखेच्या चौकटीवर क्लिक करून दाखवा. वर सूत्र दिसलं तर पुढे बोला. नुसती तारीख दिसली, तर तक्ता परत पाठवा.