तोंड नसलेली किटी आणि आपल्या मुली

(किशोरींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'मुली आणि बाजार' या विषयावर मी बोलावं असं ठरलं आहे. या विषयावर आपण एरवी गोरं करणारी क्रीम, सौंदर्यस्पर्धा, जाहिरातीतली बाई यांबद्दल बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण आज मी एका दिसायला अगदी निरुपद्रवी गोष्टीकडे लक्ष वेधणार आहे. आपल्या गटातल्या मुलींच्या दप्तराला लटकणारी कीचेन, कंपासपेटी, खोडरबर, पाऊच आठवून पाहा. त्यांवर कानापाशी लाल बो लावलेली, तोंड नसलेली पांढरी मांजर असते. ती हॅलो किटी. तिच्याबरोबर टोपी घातलेला ससा माय मेलडी, काळ्या टोपीतली कुरोमी, लांब कानांचा सिनामोरोल. आपल्याला ही नावं नवी असतील, मुलींना तोंडपाठ आहेत.

या वस्तूंबद्दल आपल्यात दोन मतं ऐकू येतात. एक, हा निव्वळ चंगळवाद आहे, मुलींना त्यातून बाहेर काढा. दुसरं, पोरींची हौस आहे, करू द्या. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. कारण ही वस्तू कोणी घडवली, कोणासाठी घडवली आणि कोणाच्या श्रमावर घडवली, हे प्रश्न दोन्हीत येत नाहीत. आज ते विचारू या.

ही चित्रं सॅनरिओ या जपानी कंपनीची. शिंतारो त्सुजी यांनी १९६० साली ती 'यामानाशी सिल्क कंपनी' म्हणून सुरू केली. साध्या रबरी चपलांपेक्षा फूल काढलेल्या चपला जास्त खपतात, हे त्यांच्या लक्षात आलं. चप्पल तीच, रबर तेच, वर एक फूल. या एका निरीक्षणावर पुढचा सगळा धंदा उभा राहिला. १९७३ मध्ये कंपनीचं नाव सॅनरिओ झालं. १९७४ मध्ये युको शिमिझू या तरुण चित्रकर्तीने किटी रेखाटली आणि लवकरच ती नाणी ठेवायच्या एका छोट्या पर्सवर बाजारात आली. १९८० पासून युको यामागुची यांनी तिच्या रेखाटनाचं काम पाहिलं. म्हणजे किटी बायकांच्या हातून घडली. मालकी मात्र कंपनीची राहिली. हे आपल्या ओळखीचं आहे. कशिदा बाईचा असतो, दुकान दुसऱ्याचं.

किटीला तोंड का नाही? कंपनीचं म्हणणं असं, की बघणाऱ्याचा जो भाव असेल तोच तिच्या चेहऱ्यावर दिसावा, तुम्ही आनंदात तर ती आनंदी, तुम्ही दुःखात तर ती दुःखी. विक्रीच्या दृष्टीने हे फार हुशारीचं आहे. पण समोरच्याचा भाव तोच आपला, स्वतःचं काही म्हणणं नाही, हे चांगल्या सुनेचंही वर्णन नाही का? त्यामुळे अनेक स्त्रीवादी अभ्यासकांना हा चेहरा खटकला. गंमत म्हणजे २०१४ मध्ये क्रिस्टीन यानो या अभ्यासिकेने एका प्रदर्शनासाठी मजकूर लिहिताना किटीला मांजर म्हटलं, तेव्हा कंपनीने कळवलं की ती मांजर नाही, छोटी मुलगी आहे. जगभर चर्चा झाली. आपण त्यातलं एवढंच लक्षात ठेवू, की कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे ती मुलगी आहे, आणि तिला तोंड नाही.

पण इथे थांबलो तर आपण जपानी मुलींवर अन्याय करू. आता त्या मुलींकडे वळते.

या सगळ्या वस्तूंना जपानीत एक शब्द आहे, 'कावाई'. आपण गोंडस म्हणू. त्याचं जुनं रूप लाजेने चेहरा लाल होणं या अर्थाचं होतं. पुढे तो कीव येण्याजोगं या अर्थाने वापरला गेला आणि मग लाडकं, गोंडस असा अर्थ झाला. आजही 'कावाईसो' म्हणजे बिच्चारं. आपल्याकडेही 'किती गोड बिचारी' असं एका दमात म्हणतात. दुबळेपणा आणि गोडवा यांची सांगड आपल्याही भाषेत पक्की आहे.

पण मुलींनी हा शब्द आपल्या पद्धतीने वापरला. १९७० च्या दशकात जपानी शाळकरी मुलींमध्ये एक नवं अक्षर आलं. यांत्रिक पेन्सिलीने, आडव्या ओळीत काढलेलं, गोल गुबगुबीत, मध्ये मध्ये बदाम आणि चांदण्या. परंपरेने जपानी लेखन उभ्या ओळींत चालतं. हे अक्षर मुलींना कोणी शिकवलं नव्हतं, ते एकीकडून दुसरीकडे पसरलं. मोठ्यांना ते वाचता येईना. काही शाळांनी त्यावर बंदी घातली. काझुमा यामाने यांनी १९८० च्या दशकात त्यावर पुस्तक लिहिलं. किटीचे कागद, वह्या आणि पेन्सिली खपल्या त्या याच मुलींमध्ये. बाजार मुलींच्या आवडीमागून आला आणि मग त्याने ती आवड मुलींनाच विकली.

या अक्षराला जुना इतिहासही आहे. जपानमध्ये हजार वर्षांपूर्वी विद्वान पुरुष चिनी लिपीत लिहीत. बायकांच्या साध्या, वळणदार लिपीला 'ओन्नादे', म्हणजे बाईचा हात, म्हणत. त्याच लिपीत मुरासाकी शिकिबू या बाईने 'गेंजी'ची कथा लिहिली. ज्या अक्षराला हलकं समजलं गेलं, त्यातच जपानी साहित्यातला सर्वांत मानाचा ग्रंथ झाला. म्हणून एखाद्या मुलीची वही पाहून 'काय हे बदाम काढलेत' असं म्हणण्याआधी मी थांबते. वही तिची आहे आणि तिने ती आपल्या हाताने भरली आहे.

आता भेटवस्तूंबद्दल. सॅनरिओचं जुनं तत्त्व असं, की छोटी भेट द्यावी आणि मोठं हसू मिळवावं. ऐकायला गोड आहे. पण भेट द्यायची कोणी, हा प्रश्न बाईच्या बाबतीत नेहमी विचारावा लागतो. जपानमध्ये चॉकलेटवाल्यांनी १४ फेब्रुवारीला बायकांनी पुरुषांना चॉकलेट देण्याची प्रथा रुजवली. ती वाढत कचेऱ्यांत शिरली. नोकरी करणाऱ्या बाईने वरिष्ठांना आणि पुरुष सहकाऱ्यांना चॉकलेट द्यायचं. त्याला नावच 'गिरी चोको' आहे. गिरी म्हणजे कर्तव्य, भिडेपोटी करायची गोष्ट. परतफेडीसाठी मिठाईवाल्यांनी १९८० पासून १४ मार्चचा दिवस काढला. बायकांना याचा इतका जाच वाटू लागला, की २०१८ मध्ये एका चॉकलेट कंपनीनेच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांगितलं, भिडेपोटी चॉकलेट देणं आता थांबवू या.

तुम्ही हसता आहात, कारण तुम्हाला संक्रांतीचं वाण आठवलं असणार. वाणही छोटी भेटच. एकमेकींच्या घरी जायला, चार घटका बसायला बायकांना मिळालेलं निमित्त. पण त्यात कोणाला बोलवायचं नाही हेही ठरलेलं. विधवा बाईला कुंकू नाही आणि वाणही नाही. शिवाय कोणी स्टीलची वाटी दिली, कोणी प्लॅस्टिकचा डबा दिला, यावर घराची ऐपत मोजायची. आपल्यापैकी अनेकींनी सगळ्या बायकांना बरोबर घेऊन हळदीकुंकवाचं रूप बदललं, कुंकवाऐवजी पुस्तक, रोप दिलं. देण्याघेण्यातला आनंद ठेवून त्यातली सक्ती आणि वगळणं काढून टाकता येतं, हा आपला स्वतःचा अनुभव आहे. मुलींच्या भेटवस्तूंकडेही याच नजरेने पाहू या.

जपानी बायका गप्प बसल्या, असंही समजू नका. तिथे १९८५ मध्ये नोकरीतल्या समान संधीचा कायदा झाला. पण भरती आणि बढतीबाबत सुरुवातीला मालकांनी फक्त 'प्रयत्न करावा' एवढंच त्यात होतं. अनेक कंपन्यांनी बढतीची वाट वेगळी आणि साध्या कामाची वाट वेगळी केली, आणि बहुतेक बायकांना दुसऱ्या वाटेवर बसवलं. चहा देणं हे कचेरीतल्या बाईचं कामच मानलं गेलं. पुढे सॅनरिओनेच या बाईचं एक पात्र काढलं, आग्रेत्सुको. हिशेब खात्यात काम करणारी पंचवीस वर्षांची लाल पांडा. वरिष्ठ डुकराच्या रूपातला, कामं हिच्या अंगावर टाकणारा. दिवसभर ती हसतमुख असते आणि रात्री एकटी जाऊन बेंबीच्या देठापासून किंचाळत गाणी म्हणते. २०१८ पासून तिची मालिका अनेक देशांत पाहिली गेली. किटीला तोंड नव्हतं, हिला तोंड मिळालं, पण तेही बंद खोलीत. बायकांचा राग खरा होता म्हणून तो चित्रात आला, आणि चित्रात आला की त्याच्याही कीचेन झाल्या. बाजार आपला रागही विकू शकतो, हे ध्यानात ठेवलेलं बरं. खऱ्या बायकांनी मात्र बंद खोलीबाहेर आवाज काढला. कामावर उंच टाचेचे बूट सक्तीचे करू नका, ही युमी इशिकावा यांची मोहीम २०१९ मध्ये थेट मंत्रालयापर्यंत गेली.

आणखी एक उदाहरण आपल्या विशेष जवळचं आहे. २०२२ च्या जानेवारीत माय मेलडीच्या आईची 'वचनं' छापलेल्या वस्तू बाजारात यायच्या होत्या. त्यातल्या एका वचनाचा अर्थ होता, बाईची शत्रू नेहमी बाईच असते. हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! सासूसुनेच्या भांडणात, हुंड्याच्या प्रकरणात, पोलीस चौकीतही. जपानमध्ये त्यावर टीका झाली आणि कंपनीने त्या वस्तूंची विक्री रद्द केली. गोंडस सशाच्या तोंडी घातलं म्हणून वाक्याचं विष कमी होत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. आणि आवाज उठवला तर एवढी मोठी कंपनीही मागे येते, हेही त्यातून दिसलं.

रंगाचं राजकारणही पाहा. २००७ मध्ये बँकॉकमध्ये किरकोळ शिस्तभंग करणाऱ्या पोलिसांना किटीचं चित्र असलेली गुलाबी पट्टी दंडाला बांधायची, अशी शिक्षा काढली गेली. जी वस्तू मुलीला बक्षीस म्हणून देतात, ती पुरुषाला शिक्षा. पोरीसारखं दिसणं हा अपमान, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे 'बांगड्या भरा' म्हणतात, तोच प्रकार.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ही खेळणी शिवतं कोण? १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये नाखोन पाथोम इथल्या कादेर खेळणी कारखान्याला आग लागली. १८८ कामगार मेले, शेकडो जखमी झाले. बहुतेक तरुण मुली. दारं कुलूपबंद होती, अनेकींनी वरच्या मजल्यांवरून उड्या मारल्या. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमध्ये शेन्झेनच्या झिली खेळणी कारखान्यात ८७ कामगार मेले. खिडक्यांना गज होते. तिथेही बहुतेक खेड्यातून आलेल्या मुली. हे कारखाने सॅनरिओचे नव्हते. कादेरचा माल अमेरिकेच्या बाजारात जात होता, झिलीचा युरोपच्या. पण मऊ खेळण्यांचा हा धंदा जगभर ज्या प्रकारच्या मजुरीवर वाढला, ते या दोन आगींनी दाखवलं. झिलीतल्या मुलींची पत्रं पुढे अभ्यासकांनी वाचली. त्यांत पगार किती मिळाला, घरी किती पाठवता येतील, तब्येत कशी आहे, हेच होतं. जपानमधली एक मुलगी गुलाबी कागदावर बदाम काढून मैत्रिणीला लिहीत होती, आणि साधारण तिच्याच वयाची दुसरी मुलगी बाहुल्या शिवून झाल्यावर रात्री घरी पत्र लिहीत होती. या दोघींना एकमेकींची माहिती नसावी, अशीच बाजाराची रचना आहे. थायलंडमध्ये कामगारांच्या आणि नातेवाइकांच्या लढ्यानंतर १० मे हा कामगार सुरक्षिततेचा राष्ट्रीय दिवस झाला. आपल्या मुलींना तो दिवस माहीत असायला हवा.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते जरूर पाहा. पण ते चिन्ह खेळणाऱ्या मुलाच्या सुरक्षिततेचं आहे, शिवणाऱ्या बाईच्या नाही. आणि दुकानाच्या जपानी थाटावरही जाऊ नका. भारतात २०१७ पासून दुकानं काढणारी मिनिसो ही कंपनी मुळात चिनी. आपण जपानी असल्याचा देखावा केल्याबद्दल तिने २०२२ मध्ये चीनमध्ये माफी मागितली.

मग करायचं काय? मुलींच्या दप्तराची झडती घेऊ नका. तसं केलंत तर आपल्यात आणि त्या अक्षरबंदी करणाऱ्या शाळांत फरक उरणार नाही. घरात पै पैचा हिशेब द्यावा लागणाऱ्या मुलीने स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या आवडीने घेतलेली ती कदाचित पहिलीच वस्तू असते. तिचा मान ठेवा. मी गटात एक साधा खेळ घेते, तो तुम्हीही घ्या. प्रत्येकीने आपली आवडती वस्तू मध्ये ठेवायची आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधायची. ही कुठे बनली? आपण दिलेल्या पैशातले किती शिवणारीला मिळाले असतील? ही आपण आवडीने घेतली की भिडेने? आणि या चित्राला तोंड असतं, तर ते काय बोललं असतं?

चौथ्या प्रश्नावर मुली थांबत नाहीत. भावाला सायकल मिळते आणि मला कीचेन, इथपासून सुरुवात होते. ती उत्तरं लिहून घ्या, त्यांच्याच अक्षरात, बदामांसकट. पुढच्या बैठकीचा विषय त्यातूनच मिळेल.