लहान मुलांना परकी भाषा
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने परक्या भाषेवर बोलावयाचे, हे ऐकून आमच्या घरी सर्वांना हसू आले. मलाही आले. पण ज्याचे जळते त्यालाच कळते, म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होत असे. दहा-अकरा वर्षांची मुलगी म्हणजे लाजाळूचे झाडच. एके दिवशी गुरुजींनी मला धडा वाचावयास उभे केले. त्यात सुरीचा शब्द आला. अक्षरे दिसली तसे मी 'क्नाइफ' वाचले. सारा वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर सातवी संपेपर्यंत इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले नाही. हायस्कूल शेजारच्या गावी होते. वडिलांनी विचारले, "पुढे जायचे का?" मी नाही म्हटले. परिस्थिती बेताची होती हे खरे. पण मी हट्ट धरला नाही, याचे कारण ती सुरी होती. हे मी आजवर कोणाजवळ बोलले नव्हते.

सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. माझी धाकटी पहिलीत गेली तेव्हा मला धाकधूक होती. जे मला अकराव्या वर्षी पेलले नाही ते हिला सहाव्या वर्षी कसे पेलणार? पण तिच्या बाई पुस्तक उघडण्याआधी गाणी म्हणून घेत. ऊठ, बस, दार लाव, हे इंग्रजीत सांगून मुलांकडून करवून घेत. पोरगी घरी येऊन मांजराला इंग्रजीतून दटावू लागली! चुकले तर चुकले, मांजर काही हसत नाही. एकदा तिची वही पाहताना मी तोच जुना शब्द तसाच वाचला. ती म्हणाली, "आई, नाइफ म्हण. त्यातला 'के' मुका असतो." एवढे बोलून खेळावयास पळाली. माझी मात्र तव्यावरची पोळी करपली.

लहान वयाचा खरा फायदा मला येथे दिसतो. मोठ्या मुलांना नियम लवकर समजतात, पाठांतरही ती भराभर करतात. त्यात लहान मुले मागेच पडतात. परंतु लहानांचा कान कोवळा असतो. ऐकलेला उच्चार ती चटकन उचलतात आणि चुकण्याची लाज त्यांना अजून शिवलेली नसते. मात्र गाणी-गोष्टी सोडून पहिल्या दिवसापासून पानभर शब्दच गिरवून घेतले, तर हा फायदा हातचा गेलाच म्हणावयाचा.

अशाने मराठी बिघडेल, असे काही भगिनी म्हणतात. अहो, बटाटा, पाव, चावी, पगार हे सारे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द! पण एक मी मान्य करते. इंग्रजी शिकविणे निराळे आणि गणित-इतिहासही इंग्रजीतूनच घोकावयास लावणे निराळे. दुसरे मला पटत नाही. घरी ज्याचा अर्थ सांगावयास कोणी नाही, ते मूल नुसतेच घोकत राहते.

परकी भाषा म्हणजे इंग्रजीच, असेही नव्हे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारले, कोणती परकी भाषा शिकाल? बहुतेकांनी जपानी सांगितली. का, तर यंत्रमानवाची हौस! २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद असताना एका जाणकार गृहस्थांनी त्यांना फोनवरून विनामूल्य शिकविले. सर्वांच्या घरी तसे फोन कोठून असणार? तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या मुलांनी बाकीच्यांना शिकविले. मुलेच गुरुजी झाली, हे मला फार आवडले.

म्हणून माझी एक सूचना आहे. शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामीच असते. तेथे मुलांनी आपल्याला शिकवावे व आपण मोठ्याने म्हणावे. माझी धाकटी आता चौथीत आहे, ती बाई व्हावयास तयार आहे. पहिला शब्द कोणता, ते मी तिला सांगून ठेवले आहे.