नाडीखालची जखम

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या सोसायटीच्या महिला मंडळात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे. त्या दिवशी श्रोत्या फक्त बायका होत्या. आता पुरुष मंडळींनीही जरूर वाचावे.)



वाण लुटून झालं, तिळगूळ झाला. गोड बोलायचा दिवस आहे, पण मी दहा मिनिटं जरा कडू बोलणार आहे.

माझी सगळी नोकरी नर्सची. तरी आज दवाखान्यातली नाही, माझ्या घरातली गोष्ट सांगते. आमच्या सासूबाई तुमच्यातल्या जुन्या सगळ्यांना आठवत असतील. संध्याकाळी गेटजवळच्या कट्ट्यावर बसायच्या, खेळणाऱ्या पोरांच्या हातावर शेंगदाणे ठेवायच्या. मूळच्या निफाडकडच्या. जन्मभर नऊवारी, तीही कमरेला करकचून. कमरेभोवती काळा पट्टाच पडला होता. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण आमच्याही कमरेला परकराच्या नाडीचा तसाच वळ होता.

एकदा त्या बाथरूममध्ये घसरल्या. उठवताना माझा हात कमरेला लागला आणि त्या कळवळल्या. पाहिलं तर उजव्या कुशीवर रुपयाएवढी जखम. कडा जाड, उचललेल्या, मध्ये खड्डा.

"आई, कधीपासून आहे हे?"

"झालं असंल वरीसभर. हळद-तूप लावते ना."

"मला का नाही सांगितलंत?"

"कमरेचं काय दाखवायचं गं कुणाला?"

घरात नर्स, आणि वर्षभर जखम झाकलेली! त्या लाजल्या, आणि मी कधी विचारलं नाही. चूक दोघींची.

तपासणीत त्वचेचा कॅन्सर निघाला. असा कॅन्सर काही नवा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवरच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याला 'धोती कॅन्सर' असंच नाव पडलं. पुढे साडीच्या बाबतीतही तेच दिसलं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकीकत ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीची जखम १८ महिन्यांची. दुसरी घट्ट लुगडं नेसणारी, तिची २ वर्षांची, आणि कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

हे होतं कसं? नाडी रोज एकाच जागी काचते. त्यात घाम, उष्णता. कातडी काळी पडते, जाड होते, सालपटं निघतात. मग चीर पडते, भरते, पुन्हा उघडते. वर्षानुवर्षं असं चाललं की क्वचित कुणाच्या तरी जखमेत कॅन्सर होतो. क्वचित, हं! घरी जाऊन साड्या टाकून देऊ नका. नाडी सैल बांधा. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा. गाठ रोज त्याच जागी नको. घरात असताना सैल कपडे घाला. सलवारच्या नाडीलाही हेच लागू.

आपल्या सावळ्या कातडीला त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा कमी होतो. पण म्हणूनच आपल्याला शंका येत नाही आणि आपण उशिरा पोचतो. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

जखम कुठलीही असो, ३-४ आठवड्यांत भरली नाही, किंवा भरून पुन्हा उघडली, तर दाखवायची. मधुमेह असेल तरी "शुगरमुळे असेल" म्हणून सोडायची नाही.

स्टोव्हच्या भडक्याने भाजल्याचा जुना व्रण असेल आणि त्यात नवी जखम किंवा गाठ आली, तर दाखवायची.

तीळ वाढतोय, वेडावाकडा होतोय, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसताहेत, खाज किंवा रक्त येतंय, तर दाखवायचा.

तळपाय, तळहात आणि नखाखाली नवा काळा डाग किंवा रेघ आली, तर दाखवायची. आपल्या लोकांत काळ्या डागाचा कॅन्सर, म्हणजे मेलानोमा, जास्त करून तिथेच होतो. ऊन लागणाऱ्या जागीच शोधत बसू नका.

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, आरशासमोर पाच मिनिटं द्या. पाठ आणि तळवे एकमेकींचे बघा. दुखत नाही म्हणजे साधं आहे, असं मुळीच समजू नका. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

आणि "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की कळत नाही, आणि थांबण्यात खरा धोका आहे. लहान असताना बऱ्याचदा जागा बधिर करून तेवढाच भाग काढला की भागतं. आमच्या सासूबाईंची मोठी शस्त्रक्रिया झाली, मांडीची कातडी कमरेला लावावी लागली. वर्षभर आधी कळलं असतं तर चार टाक्यांत काम झालं असतं.

त्यानंतर त्या सहा वर्षं कट्ट्यावर बसल्या. शेजारी बसणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायच्या, "नाडी काचती का गं तुला?" तुम्ही हसायचात. त्या थट्टा करत नव्हत्या.

आज घरी गेल्यावर आपल्या आईला, सासूला एवढंच विचारा. आणि लाजून "काही नाही" म्हणाल्या, तर दुसऱ्यांदा विचारा.