ऑक्झिलरी, इमर्जन्सी आणि हेल्पर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, ‘तुझ्या कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरचं फार नको.’ म्हणून आज शब्दांबद्दल बोलते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांना हजेरीचं आणि उत्पादनाच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करून देणं, हे माझं काम. त्यात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे एक रकाना असतो : पदनाम. या रकान्यात किती ताकद असते, ते मला युद्धकाळातल्या स्त्री-सैनिकांबद्दल वाचताना नीट कळलं.

आपल्या भागाला फौज नवी नाही. सैनिक टाकळीसारख्या गावाच्या तर नावातच सैनिक आहे. भरती, बराक, परेड, कँटीन हे शब्द आपण लहानपणापासून ऐकले, पण काका-मामांच्या तोंडून. दुसऱ्या महायुद्धात मात्र अनेक देशांत बायकांनी गणवेश चढवला आणि त्यांच्यात फौजी बोली रुजली.

ब्रिटनच्या एटीएस या महिला दलातल्या काही मुली विमानविरोधी तोफांच्या ठाण्यांवर असत. त्यांना ‘ॲक-ॲक गर्ल्स’ म्हणत. संदेश देताना ‘ए’ हे अक्षर स्पष्ट कळावं म्हणून ‘ॲक’ म्हणायची पद्धत होती. अँटी-एअरक्राफ्टचे दोन ‘ए’ म्हणून ॲक-ॲक. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर फिरती कँटीन चालवणाऱ्या बायका म्हणजे ‘वॉस्बी’. त्यांच्याकडे मिळायचं ‘चार अँड वॉड’, म्हणजे चहा-पाव. नौदलातल्या ‘रेन’ जमिनीवरच्या इमारतीत राहायच्या, पण खोलीला ‘केबिन’ आणि फरशीला ‘डेक’ म्हणायच्या. हसू नका, आपल्या लोणावळ्याला, घाटमाथ्यावर १९४५ साली सुरू झालेलं नौदलाचं ‘शिवाजी’ केंद्रही नावानं जहाजच आहे!

हे झाले आपसातले शब्द. वरून दिलेले शब्द वेगळे होते.

ॲक-ॲक ठाण्यांवर मुली विमान हेरायच्या, उंची मोजायच्या, नेम कुठं धरायचा त्याचं यंत्र चालवायच्या. तोफ डागायची मात्र पुरुषांनीच. कॅप्टनच्या बरोबरीच्या बाईला ‘कॅप्टन’ म्हणत नसत, ‘ज्युनियर कमांडर’ म्हणत. आपल्याकडे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या दलाचं नाव होतं ‘विमेन्स ऑक्झिलरी कोअर’. ऑक्झिलरी म्हणजे सहायक.

या ‘सहायक’ची किंमत अमेरिकेत उघड दिसली. मे १९४२ मध्ये तिथं दल निघालं ‘विमेन्स आर्मी ऑक्झिलरी कोअर’. त्या बायका लष्कराबरोबर होत्या, लष्करात नव्हत्या. त्यामुळे परदेशातल्या नोकरीचा जादा भत्ता नाही, सरकारी विमा नाही, शत्रूच्या हाती सापडल्यास युद्धकैद्याचं संरक्षण नाही. १९४३ मध्ये कायदा बदलला, नावातला ‘ऑक्झिलरी’ गेला आणि त्यांना लष्कराची पदं आणि हक्क मिळाले. बाया त्याच होत्या. एक शब्द गळाला आणि पगारपत्रक बदललं.

अमेरिकी नौदलातल्या महिला दलाच्या नावात तर ‘इमर्जन्सी’ हाच शब्द होता. म्हणजे अडचण आहे तोवर या, मग घरी जा. त्याच दलातून १९४३ मध्ये नौदलात आलेल्या ग्रेस हॉपर पुढे कॉम्प्युटर क्षेत्रातल्या मोठ्या नावांपैकी एक झाल्या. १९८६ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा त्या रिअर ॲडमिरल होत्या.

आणि एक वेगळं उदाहरण. सिंगापूरला २२ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सेनेच्या महिला पलटणीची छावणी सुरू झाली. तिच्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांतल्या मुलीही होत्या. त्यांच्या पलटणीला ‘सहायक’ म्हटलं नाही. आपल्या मणिकर्णिका तांबेंचं नाव देऊन ‘राणी झाशी रेजिमेंट’ म्हटलं. त्या मुलींना ‘राणी’ म्हणत. त्यांच्या प्रमुख डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन आयुष्यभर ‘कॅप्टन लक्ष्मी’ म्हणूनच ओळखल्या गेल्या.

आता पुन्हा कागल. मध्यंतरी एका कारखान्याची कामगारांची यादी सॉफ्टवेअरमध्ये भरत होतो. कास्टिंगची मापं गेजवर तपासणाऱ्या, खराब माल बाजूला काढून त्याची नोंद करणाऱ्या मुली होत्या. पदनाम : हेल्पर. त्याच टेबलावर तेच काम करणाऱ्या मुलाचं पदनाम : इन्स्पेक्टर. विचारलं, तर उत्तर आलं, ‘मॅडम, आधीपासून तसंच आहे.’ पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पदनामाला वेतनाचा वर्ग जोडलेला असतो : कुशल, अर्धकुशल, अकुशल. एकदा ‘हेल्पर’ पडलं की पगारवाढ, ओव्हरटाइमचा दर, दुसरीकडे नोकरी मागताना लागणारा अनुभवाचा दाखला, सगळं त्या शब्दामागून चालतं. मी दोन्ही कामांचं वर्णन शेजारी-शेजारी छापून मॅनेजरांपुढे ठेवलं. त्यातल्या काही जणींची पदनामं बदलली. बाकीच्यांचं अजून ‘बघू’ वर आहे.

आपल्या शाळेतून गेलेले कितीतरी जण आज कारखाने चालवतात, एचआरमध्ये आहेत, मजूर पुरवण्याचं कंत्राट घेतात. देणगीचं आवाहन सरांनी केलंच आहे. माझं मागणं बिनपैशाचं आहे. सोमवारी कामावर गेलात की हजेरीपत्रक उघडा आणि ‘हेल्पर’ लिहिलेल्या प्रत्येक बाईपाशी जाऊन ती नेमकं काय काम करते ते दहा मिनिटं बघा. जे दिसेल, ते रकान्यात लिहा. सॉफ्टवेअरमधला बदल मी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.