घरभाड्याचा भार कोणी वाहावा?



गरिबाच्या डोक्यावर छप्पर असावे, याविषयी कोणत्याही सुसंस्कृत समाजात दुमत नसते. मतभेदास आरंभ होतो तो त्या छपराचे मोल कोणी द्यावे, या प्रश्नापाशी. ते भाडेकरूने द्यावे, घरमालकाने सोसावे की शासनाच्या तिजोरीतून दिले जावे? अमेरिकेने या प्रश्नाचे जे एक उत्तर गेली पन्नास वर्षे चालवून पाहिले, त्याचा परिचय आज मी करून देणार आहे. तेथे गरीब कुटुंबाला घर मिळते ते खासगी मालकाचे; आणि त्या मालकाच्या हाती भाड्याचा मोठा हिस्सा पडतो तो शासनाकडून. ही रक्कम त्याच्यापर्यंत कशी पोहोचते, हे नीट समजून घेतले म्हणजे योजनेचे बळ आणि तिची दुर्बळता या दोन्ही गोष्टी लक्षात येतील.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर अमेरिकी शासनाने गरिबांसाठी स्वतः इमारती उभारण्याचा मार्ग धरला होता. सेंट लुईस नगरातील प्रुइट-आयगो ही वसाहत त्याच मार्गावरची. अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती १९५० च्या दशकाच्या मध्यास उभ्या राहिल्या. दारिद्र्य एकाच जागी दाटले, देखभाल थांबली, गुन्हेगारी माजली आणि १९७२ पासून त्या इमारती पाडाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी अध्यक्ष निक्सन यांनी अशा नव्या बांधकामांना स्थगिती दिली. १९७४ मध्ये मूळ कायद्याच्या आठव्या कलमात नवी तरतूद आली. शासनाने केवळ घरेच का बांधावीत? बाजारात असलेल्या घराचे भाडे भरण्यास कुटुंबाला साह्य का करू नये? या विचारातून जन्मलेली योजना आजही लोकांच्या तोंडी ‘सेक्शन एट’ या नावानेच आहे. आज सुमारे तेवीस लाख कुटुंबे तिच्या आधारे राहतात. निधी केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास विभागाचा. कारभार मात्र दोन हजारांहून अधिक स्थानिक गृहनिर्माण संस्थांचा.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. संस्था पात्र कुटुंबाला व्हाउचर देते. हे व्हाउचर म्हणजे रोख रक्कम नव्हे. भाड्यात वाटा उचलण्याचे ते आश्वासन आहे. घर शोधण्यास कुटुंबाला किमान साठ दिवसांची मुदत असते. घरमालक इतर कोणत्याही भाडेकरूप्रमाणे त्या कुटुंबाची चौकशी करतो आणि मान्य असल्यास संस्थेकडे विनंतीपत्र जाते. संस्था दोन गोष्टी तपासते. मागितलेले भाडे आसपासच्या तशाच घरांच्या भाड्याशी सुसंगत आहे काय, आणि घर सुरक्षित व राहण्यायोग्य आहे काय? दोन्ही कसोट्या उतरल्यावर दोन करार होतात. एक मालक आणि भाडेकरू यांच्यात, दुसरा मालक आणि संस्था यांच्यात. या दुसऱ्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्यावाचून शासनाचा एक डॉलरही मालकाकडे जात नाही.

रक्कम कशी ठरते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एखाद्या कुटुंबाचे मान्य वजावटी जाता मासिक उत्पन्न १,२०० डॉलर आहे. सामान्यतः त्याचा तीस टक्के भाग, म्हणजे ३६० डॉलर, कुटुंबाने भरावयाचा असतो. त्या भागातील तेवढ्या घरासाठी संस्थेने ठरविलेली मर्यादा १,४०० डॉलर आहे आणि वीज-पाण्यासह भाडेही तितकेच आहे, असे समजू. मग १,०४० डॉलर संस्था देईल. भाडे १,५०० असेल, तर वरचे शंभर कुटुंबाने सोसायचे. परंतु घर घेतेवेळी, भाडे या मर्यादेहून अधिक असल्यास, कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, असा दंडक आहे.

संस्थेचा हिस्सा दर महिन्याच्या प्रारंभी, बहुतेक ठिकाणी थेट मालकाच्या बँक खात्यात, जमा होतो. कुटुंब आपला हिस्सा स्वतः मालकास देते. येथेच या योजनेचे खरे मर्म आहे. भाडेकरूची नोकरी सुटली आणि त्याने संस्थेला कळविले, तर त्याचा वाटा कमी होतो आणि संस्थेचा वाढतो. मालकाच्या पदरी पडणारी एकूण रक्कम तीच राहते. २०२० च्या महामारीत असंख्य लोकांचे उत्पन्न आटले, तेव्हा या तरतुदीचे मोल प्रकर्षाने जाणवले.

मात्र या निश्चिंतीबरोबर बंधनेही येतात. घराची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा होते. जिवाला धोका असणारा दोष चोवीस तासांत आणि इतर दोष साधारणतः तीस दिवसांत दूर केला नाही, तर संस्था आपला हिस्सा थांबविते. त्या थांबविलेल्या रकमेची वसुली मालकाला भाडेकरूकडून करता येत नाही. करारातील भाड्याव्यतिरिक्त गुपचूप वरकड पैसे घेणे हा गैरव्यवहार ठरतो. आई-वडील, मुले, नातवंडे, भावंडे यांना घर देऊन शासनाकडून भाडे घेता येत नाही. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी तेवढा अपवाद करता येतो. भाडेवाढ हवी असल्यास साठ दिवस आधी संस्थेला कळवावे लागते. भाडेकरूने स्वतःचा वाटा बुडविला, तर संस्था तो भरून देत नाही. मालकाला न्यायालयाचाच मार्ग धरावा लागतो.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की, अशा व्यवस्थेत घरमालकांची रीघच लागत असेल. वस्तुस्थिती तशी नाही. केंद्रीय विभागासाठी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत व्हाउचरधारकांना नकार देणाऱ्या मालकांचे प्रमाण फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के, लॉस एंजेलिसमध्ये ७६ टक्के आणि वॉशिंग्टनमध्ये केवळ १५ टक्के आढळले. केवळ व्हाउचर आहे म्हणून नकार देण्यास वॉशिंग्टनमध्ये कायद्याने मनाई होती, हे खरे. पण तशीच मनाई असलेल्या फिलाडेल्फियातही हे प्रमाण ६७ टक्के निघाले. केवळ कायद्याचा धाक पुरेसा नाही, हा याचा अर्थ.

नकारामागे कित्येकदा गरिबांविषयीचा पूर्वग्रह असतो, आणि तो निंद्यच आहे. परंतु सारे मालक पूर्वग्रहाने आंधळे झाले आहेत असे म्हणून आपली सुटका होणार नाही. तपासणी होऊन करार पुरा होईपर्यंत घर रिकामे राहते. पहिली रक्कम हाती येण्यास विलंब होतो. मोठ्या कंपनीला हे सोसते. एकच घर भाड्याने देऊन कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला सोसत नाही. त्यातच शासनाच्या शब्दाविषयी शंका निर्माण झाली, तर हानी दुणावते. २०२१ मध्ये बेघर आणि संकटग्रस्त कुटुंबांसाठी सुमारे सत्तर हजार विशेष व्हाउचरे देण्यात आली. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय विभागाने स्थानिक संस्थांना कळविले की, यासाठी दिला जाणारा हा अखेरचा निधी होय. ज्या मालकाने शासनावर विश्वासून घर दिले, त्याने पुढच्या वेळी काय करावे?

या साऱ्याचा परिणाम अखेर त्या कुटुंबाला भोगावा लागतो. पात्र कुटुंबांपैकी सुमारे चौघांतील एकालाच शासकीय गृहसाह्य मिळते. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढून मिळालेले व्हाउचर मुदतीत घर न सापडल्यामुळे परत करावे लागणे, यापरते दुर्दैव कोणते? उलट, कुटुंबाला चांगल्या वस्तीत घर मिळाले, तर काय घडते? १९९४ पासून पाच महानगरांत झालेल्या एका प्रयोगाचा अभ्यास सांगतो की, तेरा वर्षांच्या आतील ज्या मुलांची कुटुंबे व्हाउचरच्या साह्याने कमी दारिद्र्याच्या वस्तीत राहावयास गेली, त्यांचे तरुणपणीचे उत्पन्न इतरांहून सुमारे एकतीस टक्क्यांनी अधिक राहिले. मालकाच्या एका होकारावर एका पिढीचे भवितव्य अवलंबून असते, ते असे.

सज्जनहो, आता क्षणभर मुंबईकडे वळू. आपणही याच प्रश्नाला उत्तर दिले होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. हेतू दयेचाच होता, पण त्या दयेचा सारा भार एका घरमालकावर पडला. हाती आलेल्या भाड्यातून छपराची कौलेसुद्धा बदलता येईनात, चाळी खचल्या. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर आणि मंडळ निर्माण करावे लागले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची ही तरतूद अवाजवी ठरविली. २००० साली अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तरी जुन्या इमारतींचे दुखणे सरले नाही. मालक खलनायक नव्हता आणि भाडेकरूही नव्हता. जे ओझे समाजाने वाहायचे, ते आपण एकाच्या पाठीवर लादले आणि भिंत कोसळली तेव्हा दोघेही तिच्याखाली सापडले.

अमेरिकेची योजना जशीच्या तशी उचलावी, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे पुष्कळ घरे तोंडी शब्दावर भाड्याने दिली जातात; असंघटित कामगाराच्या उत्पन्नाची नोंद नसते. तीस टक्के काढायचे ते कशाचे, येथूनच अडचण आहे. पण त्या अनुभवातील सार घेण्यास प्रत्यवाय नसावा. दुर्बलाला आधार देणे हे समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्चही समाजाने आपल्या तिजोरीतून, उघडपणे आणि वेळेवर द्यावा. मालकाला रास्त भाडे मिळावे. त्याच्या बदल्यात घर सुस्थितीत ठेवण्याचे उत्तरदायित्व त्याच्याकडून कठोरपणे वसूल करावे. आणि शासनाने महिन्याच्या पहिल्या तारखेचा शब्द दिला असेल, तर तो पहिल्याच तारखेला पाळावा. ज्या दिवशी घरमालकाला त्या शब्दाचा भरवसा वाटेल, त्या दिवशी गरिबाला दार ठोठावताना संकोच वाटणार नाही.