वेलीला विश्रांती, तशी माउलीलाही



आपल्या वणी-दिंडोरी भागात द्राक्षबाग लेकरासारखी जपतात. माल उतरला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी वेलीला खतपाणी आणि विश्रांती देता. का बरं? काडीत अन्नसाठा भरला नाही तर पुढं घड कमी येतात, हे तुम्ही जाणता.

बाईच्या शरीराचंही असंच आहे. बाळ पोटात असताना आईच्या अंगातलं लोह बाळाला जातं, बाळंतपणात रक्त जातं, दुधातून कॅल्शियम जातं. हा साठा भरण्याआधीच पुन्हा दिवस राहिले, तर आई अशक्त होते आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते. म्हणून दोन मुलांत निदान तीन वर्षांचं अंतर ठेवा.

लोह कमी पडलं की वेलीचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाईचे डोळे, जीभ, नखं फिकी पडतात, चालताना दम लागतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही वेलीला मिळत नाही. तसंच जेवणाबरोबर चहा घेतला, तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा तास-दोन तासांनी घ्या. बाजरी, हरभरा, मेथी, मोडाची मटकी खा आणि वर लिंबू पिळा. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व लोह अंगी लावतं.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचा शोध तर आपल्या मुंबईतून सुरू झाला. 1928 साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानं बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं फॉलिक ॲसिड आज लोहाच्या लाल गोळीत असतं. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 गोळ्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्या.

आता संप्रेरकं, म्हणजे हार्मोन. मण्यातली बी संप्रेरक तयार करते, त्यानं मणी फुगतो. थॉमसनला बी नाही, म्हणून तुम्ही घड जीएच्या पाण्यात बुडवता. पण मात्रा पीपीएममध्ये मोजून! जास्त झाली तर देठ कडक होतात. बाईच्या शरीरातली संप्रेरकंही अशीच कणभर असतात, पण पाळी आणि गर्भधारणा त्यांच्याच हाती. माला-एन गोळीत तीच मोजून दिलेली असतात, त्यामुळं बीजांड सुटत नाही. गोळी बंद केली की पुन्हा दिवस राहू शकतात. "गोळीनं कायमचं मूल होत नाही," हा गैरसमज आहे. अंगावर पाजणाऱ्या आईनं सहा महिन्यांच्या आत माला-एन घेऊ नये. तिच्यासाठी तांबी किंवा संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी आहे. निवड नर्सबाईंना विचारून करा.

दादांनो, एक विचारतो. बागेचं पानदेठ परीक्षण तुम्ही पैसे भरून करता. मग घरच्या लक्ष्मीचं रक्त शेवटचं कधी तपासलं? सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली नको. या आठवड्यात दोघं मिळून या.

बाग टिकते साठ्यावर, घर टिकतं आईच्या तब्येतीवर!