प्रमाणपत्र आणि प्रचीती
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हैदराबादसारख्या तेलुगू-उर्दूच्या शहरात या शाळेने आम्हांला मराठीतून विज्ञान शिकवले. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान हे क्रमाने लिहावे लागे. पुढे यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणे हाच माझा व्यवसाय झाला. आज पालक विचारतात, ‘या क्षेत्रासाठी मुलीने कोणते प्रमाणपत्र घ्यावे?’ उत्तरादाखल माझीच एक चूक सांगतो.

तांत्रिक लेखनाचे प्रमाणपत्र घेऊन मी पहिल्या नोकरीत पंपाची पुस्तिका लिहिली. सातव्या पायरीला ‘टर्मिनल बॉक्सचे झाकण उघडा’ असे लिहिले आणि ‘त्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा’ ही सूचना खाली चौकटीत दिली. भाषा निर्दोष होती. छपाईपूर्वी एका जुन्या फिटरला ती वाचायला दिली. सातवी पायरी वाचताच त्याचा हात झाकणाकडे गेला. नजर चौकटीपर्यंत पोहोचलीच नव्हती. सहकाऱ्याने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. फिटर एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, आम्ही वाचून मग काम करत नाही, वाचता वाचता करतो.’’ धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यावी, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

म्हणून प्रमाणपत्र निरर्थक ठरत नाही. कुणाचीही ओळख नसलेल्या मला मुलाखतीचे दार त्यानेच उघडले. शिवाय नियम शिकावेच लागतात. विमानांच्या देखभालीसाठी घडवलेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’मध्ये कृतीचे वाक्य २० शब्दांपलीकडे जाऊ नये, असा दंडक आहे, तो केवळ अनुभवाने उमगत नाही. परंतु प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही चिरंजीव नसतात. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही या व्यवसायाची जुनी, प्रमाणपत्रे देणारी संस्था २०२५च्या जानेवारीत बंद झाली. प्रमाणपत्रधारकांना यापुढे आपल्या कामाचाच आधार.

तेव्हा मुलीला अभ्यासक्रमाला अवश्य पाठवा. त्याचबरोबर घरातल्या शिलाई मशीनमध्ये दोरा कसा ओवावा, हे तिला लिहू द्या. तो कागद तिने शेजारच्या काकूंच्या हाती द्यावा, त्या कुठे अडतात ते काही न बोलता पाहावे आणि तेवढे वाक्य बदलावे. असे पाच-सहा नमुने जमले, की मुलाखतीत प्रमाणपत्राशेजारी ठेवायला तिच्याजवळ काहीतरी असेल.

‘कृती’नंतर ‘निरीक्षण’ लिहायचे असते, हे शाळेने आम्हांला केव्हाच शिकवले होते. ते उमगण्यासाठी मला मात्र तो फिटर भेटावा लागला.